नऊ नंबरची पिशवी

मी, हिल्डा मे डॉबर, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त शिवण शिक्षिका, राहणार चर्च लेन, मौजे थॉर्बी, लिंकनशायर, आज गुरुवार दिनांक १३ ऑक्टोबर १९८८ रोजी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर आपखुशीने हे लिहून ठेवत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. सोमवारी डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा मी म्हटले, आलाच आहात तर डोकेही तपासा. तर ते हसले. ते हसणे दाखला समजावे. छातीबद्दल मात्र ते हसले नाहीत.

धाकाने नव्हे, असे वर लिहिले ते कायद्यापुरते खरे आहे. एरवी गेली चव्वेचाळीस वर्षे मी भीतच जगले. घराबाहेर पडताना गॅस चारदा बघते, पाचव्यांदा फाटकातून परत येते. गावात याची थट्टा होते. होऊ दे.

कलम पहिले. माझे शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या आणि बटणांचा डबा गावच्या शाळेला द्यावा. मोठ्या कात्रीने कागद कापू नयेत. मी मेले तरी मला ते कळेल.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. शिल्लक आणि या कागदात ज्याची व्यवस्था लावलेली नाही ते सगळे माझ्या बहिणीचा मुलगा डेरेक याला जावे, कारण दुसरे रक्ताचे कोणी नाही. डेरेकने एका नाताळात सर्वांसमोर विचारले होते, “मावशी, लढाईत तू कपड्यांच्या घड्या घालायचीस ना गं?” सगळे हसले. मीही हसले. पण ते मी विसरलेले नाही, हे त्याला कळावे म्हणून इथे नोंदवते.

कलम तिसरे. आमच्या बॉम्बर गटाच्या युद्धकार्याचा जाडजूड इतिहास एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिला, त्याची माझी प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी. त्यात गटातले सगळे विमानतळ आहेत, कोणत्या स्क्वाड्रनने किती बॉम्ब टाकले ते आहे, नकाशे आहेत. पॅराशूट विभागाला एक ओळ आहे: ‘या विभागाचे काम समाधानकारक होते.’ आणि जानेवारी १९४४ मधल्या एका गुरुवारच्या मोहिमेबद्दल दोन वाक्ये आहेत: ‘थॉर्बीहून सतरा विमाने गेली, सोळा परतली. नुकसान माफक.’ ‘माफक’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, ती खोडू नये.

कलम चौथे. हे राहते घर, मागची बाग आणि कोळशाची खोली कुमारी नोरा लेगेट हिला द्यावी. ती गल्लीच्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, आणि तिच्या गुडघ्यांना तिथला जिना सोसत नाही. छप्पर पश्चिमेला गळते, हे तिला माहीत आहे. त्याखाली बादली तिनेच ठेवली आहे.

कलम पाचवे. घर नोराला का, याचे कारण. हे माझ्या पश्चात तिला वाचून दाखवावे. हयातीत सांगायची छाती मला झाली नाही.

वीस वर्षांची असताना मी महिला हवाई दलात भरती झाले आणि थॉर्बीच्या विमानतळावर पॅराशूट भरायला लागले. लांबलचक टेबलावर रेशीम पसरायचे, दोऱ्या सोडवायच्या, घडीवर घडी घालायची. रेशीम निसटते, म्हणून घड्यांवर शिशाच्या छर्‍यांनी भरलेल्या लहान पिशव्या ठेवायच्या आणि पुढे सरकू तशा उचलायच्या. पिशवी आत राहिली तर दोऱ्या तिच्यात गुंततात. मग पॅराशूट उघडेलच याची खात्री कोणी देऊ नये.

म्हणून आमच्याकडे फळीची पद्धत होती. भिंतीवर एक मोठी फळी, तिच्यावर प्रत्येक मुलीच्या प्रत्येक पिशवीचा आणि दोऱ्या ओढायच्या हुकाचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. संध्याकाळी सगळे जागच्या जागी टांगायचे. एक जागा जरी रिकामी दिसली तरी त्या मुलीने दिवसभरात भरलेला पॅराशूटचा प्रत्येक गठ्ठा उघडून पुन्हा भरायचा. तोवर कोणी जेवायला जायचे नाही आणि कोणाला गठ्ठा द्यायचा नाही. आमची प्रमुख कॉर्पोरल पेग रोज फळीसमोर उभी राहायची. “माणूस खोटं बोलतो, फळी बोलत नाही,” असे तिचे म्हणणे. माझा नंबर नऊ होता, पिशव्या आठ, प्रत्येकीवर तांबडा नऊ.

त्या गुरुवारी दुपारी अचानक हुकूम आला की आजच जायचे आहे. मी एरवी दिवसाला अकरा गठ्ठे भरायचे, त्या दिवशी चौदा भरले. फळीवर पिशव्या लावू लागले तर सात.

मी टेबलाखाली पाहिले, कपाटामागे पाहिले, स्वतःचे खिसे उलटे केले. बाहेर विमानांवरच्या मुलांना धावपट्टीकडे नेणारी गाडी सुरू झाली होती आणि खिडकीशी गठ्ठे घ्यायला रांग लागली होती. रांगेत स्टॅनली लेगेट होता, ‘एम’ विमानाचा वायरलेसवाला, नोराचा धाकटा भाऊ. तो रोजच्यासारखा म्हणाला, “काय गं हिल्डा, नाही उघडलं तर बदलून देशील ना?”

मी रोजच्यासारखे म्हणाले, “पावती घेऊन ये, मग बघू.”

तो हसला आणि मी भरलेला गठ्ठा काखोटीला मारून गेला. पाठोपाठ त्याच्याच विमानातले दोघे माझे आणखी दोन गठ्ठे घेऊन गेले. मागून पेगचा आवाज आला, “डॉबर, तुझी जागा रिकामी का?”

मी बोलले असते तर गाडी थांबली असती. चौदा गठ्ठे उघडले असते. मला शिक्षा झाली असती, पगार कापला असता, पेग सगळ्यांसमोर बोलली असती. एवढेच. मला तेव्हा पेगची भीती वाटली, दुसऱ्या कशाची नाही. शेगडीजवळ टाकून दिलेली एक फाटकी पिशवी होती. मी “दोरा तुटलाय, टाका घालते” म्हणून ती उचलली, टाका घातला, तांबड्या रंगाने तिच्यावर नऊ काढला आणि फळीवर लावली. पेगने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, “पूर्ण.” मी वहीत सही केली.

‘एम’ विमान परत आले नाही. सातही जण गेले.

पुढचे तीन आठवडे मी काही ना काही निमित्त काढून माझे त्या दिवशीचे गठ्ठे परत मिळवले. घामाने भिजलेत, ओल लागली आहे, शिवण तपासायची आहे, काय वाटेल ते सांगितले. अकरा उघडले. एकातही पिशवी नव्हती. उरलेले तीन त्या विमानात होते: एक स्टॅनलीचा, एक दिशादर्शक पर्डीचा, एक बॉम्ब टाकणाऱ्या हॉलिसचा. पिशवी लाकडी जमिनीच्या फटीतूनही गेली असेल. विभागाची ती इमारत पाडली तेव्हा मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होते. काही दिसले नाही.

नोरा १९५१ साली भाऊ राहायचा ती जागा बघायला म्हणून आली आणि इथेच राहिली. लिंकनला एका वकिलाकडे टायपिंग करायची. पहिल्याच गुरुवारी चहा पिताना तिने विचारले, “स्टॅनचं पॅराशूट तू भरायचीस का गं?”

मी म्हणाले, “नाही. दुसऱ्या मुली भरायच्या.”

तेव्हापासून सदतीस वर्षे ती दर गुरुवारी चार वाजता माझ्याकडे चहाला येते. माझी तीच एक मैत्रीण आहे. मी तिला रोज फसवले आणि रोज भ्याले. घर देऊन त्याची भरपाई होत नाही, हे मला कळते. पण घराशिवाय माझ्याकडे दुसरे काही नाही. नोरा, मला क्षमा कर असे मी लिहिणार नाही. तेवढी माझी हिंमत नाही.

साक्षीदार म्हणून पोस्टमन आर्थर कटफर्थ आणि खाटकाची बायको यांना आज साडेतीनला बोलावले आहे. मजकुरावर टीपकागद ठेवून सह्या घेईन.

पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी लिहिला आहे. शाई वेगळी आहे, कारण पहिली दौत सांडली. कशी ते लिहिते.

तीन वाजता मी कोळसा आणायला मागे गेले. परत आले तर नोरा टेबलाशी बसलेली. मनुकांचा पाव घेऊन लवकर आली होती. चष्मा नाकावर, आणि हा कागद हातात. मी दारातच थांबले. हातातली कोळशाची बादली खाली ठेवायचेही सुचले नाही. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. मी पुढे झेपावले त्यात दौत कलंडली.

“बस,” ती म्हणाली. “कोळसा ठेव आधी.”

मी बसले. हात मांडीखाली घेतले.

“स्टॅनने मला पत्रात लिहिलं होतं,” नोरा म्हणाली. “हिल्डा म्हणून एक मुलगी आमचे गठ्ठे भरते, आणि पावती मागते. मी जागा बघायला नव्हते आले गं. तुला बघायला आले होते.”

“मग मी नाही म्हणाले तेव्हा?”

“तेव्हा कळलं की काहीतरी आहे. म्हटलं, सांगेल कधीतरी. तू भलतीच चिवट निघालीस.”

सदतीस वर्षे. मी जिच्यापासून लपवत होते तिला मी खोटे बोलले हे पहिल्या चहापासून माहीत होते.

तिने पर्समधून एक पाकीट काढले, कडा झिजलेले. विमान हॉलंडमध्ये ज्या शेतात पडले तिथल्या शेतकऱ्याने १९४६ साली तिला लिहिलेले पत्र. दर गुरुवारी ते तिच्या पर्समध्ये असायचे, माझ्यापासून दोन हातांवर.

“तू मला कधी दाखवलं का नाहीस?” मी विचारले.

“तू पॅराशूट भरायचीस. तुला कसं दाखवणार होते?” ती म्हणाली. “स्टॅन आत होता, आपल्या जागेवर. त्याचा गठ्ठा खुंटीवरच होता. त्याने हातही लावला नव्हता. ते तुझ्या डोक्यातून काढून टाक.”

मला रडू आले. पण तिने पत्र पाकिटात घातले नाही.

“दोघं बाहेर पडले होते. एकाचं उघडलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्याचं उघडलंच नाही. शेतकऱ्याने गळ्यातल्या पट्टीवरचं नाव लिहिलंय.” तिने चष्मा काढला. “सांगू?”

आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, पेगसमोरही नाही. ते नाव मागच्या तोफेवरच्या मुलाचे असते तर मी सुटले असते. त्याचा गठ्ठा माझा नव्हता. मी ‘नको’ म्हटले असते तर नोराने पाकीट बंद केले असते आणि पाव कापला असता. मी ‘सांग’ म्हणाले.

“पर्डी.”

पर्डीचा गठ्ठा मी भरला होता.

नोराने पत्र टेबलावर ठेवले. मग म्हणाली, “विमान झाडांच्या उंचीवर आलं होतं, असंही लिहिलंय त्याने. एवढ्या खाली कुठलंच उघडत नाही. पिशवीने की उंचीने, ते त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. तुलाही कळायचं नाही, हिल्डा. हे असंच राहणार.”

तेवढ्यात आर्थर आला. खाटकाच्या बायकोला येऊ नकोस असा निरोप नोराने त्याच्याकडूनच धाडला आणि त्याला परत यायला सांगितले. “साक्षीदार मी होते,” ती म्हणाली.

मी म्हटले, “अगं, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घर जाईल तुझं.”

“वकिलाकडे बावीस वर्षं टायपिंग केलंय मी. मला शिकवू नकोस.”

“मग घर डेरेकला जाईल.”

“जाऊ दे. बादलीही त्यालाच दे.” तिने पेन उघडले. “स्टॅनच्या नावाने मी घर घेणार नाही. तू त्याचं काही केलं नाहीस. ज्याचं केलं असशील त्याचा भाऊ कॅनडात आहे. नाताळला माझ्याकडे त्याचं कार्ड येतं. त्याला वाटतं, पर्डी आत होता, झटकन गेला. दरवर्षी मी ते तसंच राहू देते.”

म्हणून चौथे कलम आपोआप बाद होत आहे, हे मला समजले आहे आणि मान्य आहे. डेरेकला हे घर मिळणार याने जीव जळतो. त्याने छपराखाली झोपून बघावे.

कलम सहावे. वर लिहिलेल्या पाचव्या कलमाचा सर्व मजकूर, फळी, फाटकी पिशवी आणि सही यांसह, एकही शब्द न गाळता, आणि शेतकऱ्याने पर्डीबद्दल लिहिलेले जोडून, पत्राच्या रूपात कॅनडातील श्री. पर्डी यांना पाठवावा. टायपिंग नोरा करील. खाली सही माझी असेल आणि उत्तर यायचा पत्ता माझा असेल. उत्तर काय येईल याची आत्तापासूनच भीती वाटते. तरी हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या सोमवारी अमलात यावे. पत्र आर्थर नेईल.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले. टीपकागद ठेवला नाही. सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

हिल्डा मे डॉबर

आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

आर्थर कटफर्थ, पोस्टमन, थॉर्बी

नोरा लेगेट, निवृत्त टंकलेखिका, थॉर्बी. काय लिहिले आहे ते वाचून सही केली.

स्थळ: चर्च लेन, थॉर्बी, लिंकनशायर
गुरुवार, १३ ऑक्टोबर १९८८, चहाच्या वेळी