सात ठिपके आणि एक रकाना

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या खरंच घेतात, की खिशात टाकून घेतल्या म्हणतात? आम्ही दोघं इकडे ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण हा विषय फोनवर निघाला की तुझं दूध उतू जातं. गेल्या महिन्यात तीनदा गेलं. म्हणून लिहितेय. (बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.)

तर, मूल होण्याच्या उपचारांआधी माझ्या अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत ते बघायची तपासणी परवा झाली. रक्त देऊन पटकन झालं, राहिली सोनोग्राफी. तू बजावलं होतंस, सोनोग्राफी म्हणजे भरपूर पाणी पिऊन जायचं. मी पडले आज्ञाधारक (हसू नकोस), घरूनच दीड लिटर पिऊन निघाले. तिथे तासभर बसवलं. मी खुर्चीच्या कडेवर पाय आवळून, आणि तुझा जावई शेजारी बसून, मला धीर द्यायचा म्हणून, बाटलीतलं पाणी घोट घोट पितोय. शेवटी नंबर आला तर नर्स म्हणाली, आधी बाथरूमला जाऊन या, ही सोनोग्राफी आतून करतात, याला पाणी प्यायचं नसतं. मी अशी धावले की एक चप्पल वाटेतच राहिली. ती जावयाने दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली होती.

मग तो पडदा. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना काय दिसतं ते विचारणारी बाई, पण मला काही म्हणजे काही दिसेना, नुसतं राखाडी. सवयीने मीच डॉक्टरबाईंना विचारलं, हे जास्त स्पष्ट की हे? त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मसुरीच्या दाण्याएवढे काळे ठिपके. डावीकडे चार, उजवीकडे तीन. (जावयाने अकरा मोजले. त्यातले चार पडद्यावरचे डाग होते. बायको चष्म्याच्या दुकानात असून ही गत.)

डॉक्टरबाई काम करता करता म्हणाल्या, ही बीजं आता नवी तयार होत नाहीत, मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच सगळी होऊन जातात. आई, म्हणजे मी पोटात असताना तू तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या चढवत होतीस, तेव्हा हे सातही तुझ्याबरोबर जिने चढत होते. आणि मी ज्यातून झाले ते बीज तर आजीच्या पोटात. माणूस एवढ्या आधीपासून यायला निघालेलं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. काल एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली आणि वर त्यालाच म्हटलं, सवय होईल.

सात हे चौतिसाव्या वर्षाला कमीच. एक चांगलं निघालं तरी पुरे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हातात वेळ किती ते बघायला हवं. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच.

तुझी एकुलती (म्हणून लाडकी) मुलगी

ता. क. – फॉर्मवर एक रकाना होता : आईची पाळी कितव्या वर्षी बंद झाली? आईची लवकर गेली असेल तर मुलीचीही जाऊ शकते, म्हणून विचारतात. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आपण हे कधी बोललोच नाही. खरं तर सगळं पत्र या एका प्रश्नासाठी आहे.

आणखी एक ता. क. – रकाना रिकामा ठेवायची लाज वाटली, म्हणून मी बावन्न ठोकून दिलं. डॉक्टरबाई निश्चिंत झाल्या, म्हणाल्या, मग सहा महिने थांबलात तरी चालेल. घरी आल्यावर मला आठवलं. माझ्या दहावीच्या वर्षी ऐन थंडीत तू खिडक्या सताड उघडायचीस, माझ्या वहीने वारा घ्यायचीस, मधेच आत जाऊन रडायचीस. बाबा आणि मी स्वेटर घालून तुला चिडकी म्हणायचो. (मला वाटायचं, सगळं माझ्या बीजगणितामुळे.) तेव्हा तू बेचाळीस वर्षांची होतीस. ते तेच असेल, तर माझ्याकडे सहा महिने नाहीत, मला उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगावं लागेल. तेवढा आकडा फोनवर सांग. बाकीचं, म्हणजे त्या वर्षी तुला काय काय होत होतं, ते सावकाश पत्रात लिही. तेव्हा आम्ही विचारलं नाही.