वरच्या माणसानं द्यायची ओ

मलकापूर, ता. कराड
फेब्रुवारी १९७४

प्रिय आकाराम,

दिवाळीत माझ्या सोप्यात बसून चकल्या खाताना तू जे बोललास, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं न्हाई. म्हणे, विमानात दुसरा रेडिओ असतो, अडचणीत सापडलेल्यानं हाक मारावी म्हणून राखलेला. पण त्यावर कुणी क्रिकेटचा स्कोर विचारतं, कुणी उगाच खाकरतं, म्हणून तू त्याचा आवाजच बंद करून टाकतोस. वर हसलासही. सगळी हसली, माझा कृष्णात तेवढा हसला न्हाई. तो उसावर औषध मारायचं खेळण्याएवढं विमान चालवतो, तू शंभर माणसं घेऊन ढगावरनं जातोस. मामापुढं तो काय बोलणार?

मी बोलते. माझी शाळा चौथीपर्यंतचीच, पण आण्णांच्या रानात आपण दोघंही वाढलो. ऊस डोक्याच्या वर गेला की आतला माणूस दिसत न्हाई, नुसती त्याची हाळी येते. हाळी आली की आधी ओ द्यायची, मग कोण-कुठला ते विचारायचं, ही आण्णांची शिस्त. बांधावरनं भांडून बनुबाईशी आपलं बोलणं तुटलेलं, तरी तिला उसात साप चावला तवा तिची हाळी ऐकली आण्णांनीच. ते जोंधळ्याच्या माळ्यावर पाखरं राखत होते. खालच्यांना काही ऐकू गेलं न्हाई, उंचावर बसलेल्याला गेलं. त्यांनी ओ दिली आणि तिथनंच पुढच्या रानाला हाळी दिली. बनुबाई अजून जिती हाय, अजून भांडते. पोरं गंमत म्हणून खोट्या हाळ्या द्यायची, त्यात तू तर लय. मार खाल्लास, पण आण्णांनी कधी कान झाकले न्हाईत.

कृष्णात म्हणतो, विमानाचंही तसंच. डोंगराआड सापडलेल्याची हाक विमानतळापर्यंत पोचत न्हाई, वरनं जाणाऱ्याला पोचते. आता माळ्यावर तू बसलायस, आकाराम.

संक्रांतीनंतर तो मोटरसायकलवरनं पडला असं तुला कळवलं, ते त्यानंच लिहायला लावलं म्हणून. शिराळ्याकडनं परतताना इंजिन बंद पडलं आणि विमानासकट तो डोंगरातल्या माळावर आदळला. पाय आत अडकलेला, रेडिओ तेवढा चालू. हाका मारत राहिला. लय उशिरानं कुठल्याशा परदेशी विमानानं ओ दिली, मुंबईला निरोप धाडला, तवा माणसं शोधत गेली. पायावर निभावलं. हे मी तुला सांगू नये म्हणून त्यानं माझ्याकडनं शपथ घेतली होती. का, ते परवा कळलं. पहिली हाक त्यानं मारली तवा सकाळची बंगळूरची फेरी डोक्यावरनं चालली होती. तुझी. त्याला दिवाळीतलं बोलणं ठाऊक होतं, तरी म्हणाला, आई, वाटलं वर मामा हाय, आज तरी ऐकंल.

अबोला धरायला हे लिहिलेलं न्हाई. तू माझा भाऊ हायस, आणि तुलाही हे वाचून जेवण जाणार न्हाई हे मला कळतं. पण पाय बरा झाला, सोमवारी तो पुन्हा विमानात बसायचं म्हणतोय, आणि माझ्या होकारासाठी अडलाय. मी त्याला सांगितलंय, मामाचं उत्तर येऊ दे. लांबलचक लिहू नकोस, माफी तर नकोच. कार्डावर नुसतं 'ओ' एवढं लिही, मी समजेन. शनिवारच्या टपालात ते मला मिळालं पाहिजे.

तुझीच,
हरणाआक्का