मातोकेवालीची छत्री

३ मार्च, सोमवार
आजपासून आमच्या ‘पार्क दंगल’ या मोबाइल गेमचा बॅलन्स माझ्याकडे. आपियो मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण घेतंय? मी चार्जर मागायला हात वर केला. मॅडमनी माझा निःपक्षपाती स्वभाव ओळखला असावा.

काम सोपं आहे. गेममध्ये कंपालाच्या टॅक्सी पार्कातली माणसं एकमेकांना ढकलून पार्काबाहेर काढतात. बोडावाला आपली भाड्यानं चालवायची मोटरसायकल अंगावर घालतो. मातोकेवाली मातोकेचा, म्हणजे कच्च्या केळ्यांचा, घड फेकते आणि दमली की छत्रीखाली बसून ताकद भरून घेते. कुणी डोईजड झालं की त्याला कमी करायचं, कुणी फारच मार खात असेल तर त्याला वाढवायचं. मग पॅच सोडायचा, की सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच नियम.

संकल्प: कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःची तर नाहीच. (मी बोडावाला घेऊन खेळतो, हा योगायोग.) गेममधलं माझं नाव आधीपासूनच मुलामुझी, म्हणजे न्यायाधीश. काही गोष्टी वरूनच ठरलेल्या असतात.

५ मार्च, बुधवार. दुपार
जेवणाच्या सुट्टीत अभ्यास म्हणून खेळलो. ओलुसुकु अशा कुणीतरी मला नावानं शोधून आव्हान दिलं. ख्याती पसरायला लागली म्हणायची. ओलुसुकु म्हणजे केळीची बाग. कुणी खेडवळ रिकामटेकडा असणार. मातोकेवाली घेऊन आला. हरलो. पुन्हा हरलो. अभ्यास चांगला झाला.

हा प्राणी काही करतच नाही! छत्रीखाली बसून राहतो. मी धावून धावून दमलो की उठतो आणि घड घालतो. वर मॅच संपली की तयार वाक्यांतलं एक पाठवतो: “बसा, चहा घ्या.” तयार वाक्यं आम्ही तीनच दिलीत. “दादा, सरका”, “गाडी निघाली” आणि हे. याला नेमकं हेच सापडलं. जखमेवर मीठ.

७ मार्च, शुक्रवार
आकडे पाहिले. मातोकेवाली निम्म्याहून किंचित कमीच सामने जिंकते. म्हणजे आकड्यांच्या मते सगळं ठीक. पण आकड्यांना भावना नसतात.

आपियो मॅडमना म्हटलं, छत्री कमी करायला हवी. “का? आकडे तर सरळ आहेत.” मी म्हणालो, खेळाडूंमध्ये असंतोष आहे. “किती खेळाडूंमध्ये?” मी म्हणालो, निवडक. त्यांना फोन आला, त्यांनी हातानंच ‘कर काय करायचं ते’ केलं. याला मंजुरी म्हणतात.

१० मार्च, सोमवार
पॅच गेला. छत्रीखाली भरणारी ताकद निम्मी. बोडावाल्याचा वेग थोडा वाढवला, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. खेळाडूंसाठीचं निवेदन मीच लिहिलं: ‘आता खेळ सर्वांसाठी न्याय्य.’ ‘सर्वांसाठी’पाशी जरा अडखळलो. राहू दिलं.

११ मार्च, मंगळवार
ओलुसुकुला धुतला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मातोकेवाली छत्रीखाली टेकायच्या आत माझी मोटरसायकल अंगावर. शेवटी मीच पाठवलं, “बसा, चहा घ्या.”

ती घडाशेजारी आडवी पडलेली बराच वेळ स्क्रीनवर दिसत होती. चित्रकारानं तिला एवढी म्हातारी काढायची गरज नव्हती.

१५ मार्च, शनिवार. मसाका
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून भेटायला जायचं राहिलं होतं. नाकिमुली रोज आठवण करायची. बायकोचा एवढा शब्द तर पाळायलाच हवा. वाटेत कयाब्वेला विषुववृत्ताच्या रेघेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला. बॅलन्सवाल्याला शोभणारी जागा.

रीतीप्रमाणे मी ओसरीवर, सासूबाई आतल्या खोलीत, मध्ये पडदा. जावयानं सासूच्या समोर यायचं नाही, हात तर चुकूनही लागू द्यायचा नाही. पडद्याआडून नमस्कार झाला, गुडघ्याची चौकशी झाली, बोलणं संपलं. लग्न झाल्यापासून आमचं एवढंच बोलणं होतं.

मग आतून आवाज आला. फट्! हा आवाज मी ओळखतो. छत्री उघडल्याचा, आमच्याच गेममधला.

नाकिमुली म्हणाली, “आई, परत हरलीस?”

सासूबाई चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हरेन नाहीतर काय! माझी छत्री फाडली गं. कंपालात बसलेल्या कुठल्यातरी गाढवानं फाडली.”

माझा चहा ओसरीवर सांडला.

परतताना लुकायाला भाजलेली केळी घेतली. नाकिमुली सांगत होती, गुडघा बांधून पडल्या पडल्या आईनं गेम शिकला. ओलुसुकु नावानं खेळते. चर्चच्या बायकांची टीम केली, तिची ती कॅप्टन. पाच एप्रिलला जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चांची स्पर्धा आहे. पण छत्री गेल्यापासून ती सारखी हरतेय आणि बायका म्हणायला लागल्यात, कॅप्टन बदला. “वर कुणी मुलामुझी आहे, तो म्हाताऱ्या बाईला मोटरसायकलखाली घालून ‘चहा घ्या’ म्हणतो. काय म्हणायचं अशा माणसाला, सांगा.” आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी केळं चावत म्हणालो, “कसले कसले लोक असतात.”

१६ मार्च, रविवार
उजव्या हाताला कंप. सासूला जावयाचा हात लागला की ओबुको होतो, हात थरथरायला लागतात, असं लहानपणापासून ऐकलंय. मी हात लावलेला नाही. मोटरसायकल घातली, तीही मोबाइलमधली. याबद्दल जुन्या माणसांनी काही सांगून ठेवलेलं नाही. कॉफी जास्त झाली असेल.

१७ मार्च, सोमवार
आज आपियो मॅडमना सगळं खरं सांगायचं. सकाळी जाताच.

मॅडमना सर्दी होती. आजारी माणसाला त्रास देणं बरं नाही.

१८ मार्च, मंगळवार
दुसरा उपाय सुचला, जास्त माणुसकीचा. ओलुसुकुला आव्हान दिलं आणि मुद्दाम हरलो. बोडावाला भिंतीकडे तोंड करून उभा केला. ती आली, थांबली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि सामना सोडून निघून गेली.

जेवताना नाकिमुलीनं आईचा निरोप ऐकवला. “आई म्हणते, मारलं ते मारलं, पण आता भीक घालतोय मेला. तिनं मोबाइल साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला. कॅप्टनपद सोडलं. दुपारची जेवलीही नाही.” मग म्हणाली, “तुम्हाला काही बोलायचंय का?”

मी म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे. काय मेलं माझ्या तोंडात येतं! मला स्वतःची शरम वाटली. मीठ खरंच कमी होतं, तरी वाटली.

२० मार्च, गुरुवार
मॅडमना म्हटलं, छत्री परत वाढवू या, आकडे तसं सांगतात.

“आकडे आधीही तेच सांगत होते. मग कमी का केली होती?”

“टीमचा निर्णय होता, मॅडम.”

“टीममध्ये कोण कोण?”

“मी.”

मॅडम शिंकल्या. मी होकार समजलो.

२४ मार्च, सोमवार
पॅच गेला. छत्री पूर्ववत करणारच होतो, पण हात आकड्यावर आला आणि वाटलं, झालेल्या त्रासाची थोडी भरपाई नको का? थोडी वाढवली. मग गुडघा आठवला. आणखी वाढवली. मग साखरेचा डबा आठवला. आता छत्रीखाली पूर्वीच्या चौपट ताकद भरते. हात थरथरायचा थांबला. माणसानं न्यायानं वागलं की शरीरालाही कळतं.

२६ मार्च, बुधवार
एक छोटी अडचण. सगळ्यांनी मातोकेवालीच घेतली आहे. दोघी आपापल्या छत्रीखाली बसतात, उठायला कुणी तयार नाही. सामने संपतच नाहीत. गुलू शहरातला एक सामना काल सकाळपासून चालू आहे, खेळणारे मध्ये कामाला जाऊन आले.

सासूबाईंचा निरोप: “छत्री कसली, लग्नाचा मांडव घातलाय मेल्यानं. असल्या मांडवात जिंकायला मी काही लाचार नाही.” मोबाइल परत डब्यामागे.

हात परत थरथरतोय. दोन्ही.

२७ मार्च, गुरुवार
आपियो मॅडमनी स्वतः बसून छत्री होती तशी केली. मुळात होती तशी. बोडावाल्याचा वेगही काढला. बॅलन्सचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी आता पार्कातल्या खड्ड्यांचा रंग बघतो. मॅडमना माझ्यावरचा भार हलका करायचा असेल.

५ एप्रिल, शनिवार. मसाका
स्पर्धा चर्चच्या हॉलमध्ये. मी रीतीप्रमाणे अगदी मागच्या बाकावर, खांबाआड. सासूबाई काठी टेकत पुढे गेल्या. कॅप्टनपद परत त्यांच्याकडेच. छत्री होती तशी आहे हे कळल्यावर त्यांनी म्हणे स्वतःच डबा सरकवला. फायनलला समोरची बाई धावून धावून दमली आणि सासूबाई उठल्या. हॉलमधल्या बायकांनी अशा आरोळ्या ठोकल्या की खिडकीवरचे करकोचे उडाले. मीही ओरडलो. एका परीनं हा विजय माझाच. मी छत्री कमी केली नसती तर ती पूर्ववत झालीच नसती.

हे नाकिमुलीला टॅक्सीत बोलून दाखवलं. म्हणजे आमच्या डिपार्टमेंटमुळे, असं म्हणालो.

ती म्हणाली, “पुरे आता. मुलामुझी तुम्हीच, हे आईला पहिल्या दिवसापासून माहितीये. तुमचं गेममधलं नाव मीच तिला दिलं होतं.”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“इतक्या वर्षांत जावयाशी पडद्याआडून गुडघ्याशिवाय बोलता आलं नाही तिला. म्हणाली, मोबाइलमध्ये कुठं हात लागतो? तिथं तरी दोन घटका बसेन त्याच्याबरोबर. स्वतःच्या हातानं तुम्हाला कधी कप देता आला नाही, म्हणून दर वेळी शोधून शोधून ते वाक्य पाठवायची. ओसरीवर, त्या दिवशी जेवताना, सारखी वाट बघत होतो आम्ही, आता तरी बोलाल.”

कयाब्वे कधी गेलं कळलं नाही.

६ एप्रिल, रविवार
सकाळी आव्हान दिलं. मनापासून खेळलो, मुद्दाम हरलो नाही. तरी हरलो. मग पाठवलं, “बसा, चहा घ्या.” वाट पाहिली.

उत्तर आलं: “गाडी निघाली.”

तीनच वाक्यं आहेत, त्यातलं चुकून दाबलं गेलं असेल. म्हाताऱ्या माणसांचं बोट सरकतं. परत आव्हान दिलं आहे. चहा टाकून बसलो आहे.

चहा गार झाला.