भाऊबीजेला मागितलेला पखवाज

आबा,

तुमच्या पखवाजाचं पुढं काय झालं ते तुम्हाला दुसरं कुणी कळवणार नाही, म्हणून मी कळवते. तो आता माझ्याकडे आहे, पिंपरीला, कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत. आणि तो तुमची नात वाजवते. रागवायचं असेल तर रागवा, उठून येणं काही तुम्हाला जमायचं नाही.

चऱ्होलीचं घर आठवतं. आम्हा पोरांना रोज बाजरीची भाकरी. गहू दळायचा तो सणाला आणि तुमच्या पखवाजाला. दिवेलागणीला तुम्ही सोप्यात बसता, दादाला शेजारी घेता, आणि मी आत चुलीपाशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळते. गोळा उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं सरायचं. एकदा मीच तो थापायला पुढं झाले, तर तुम्ही म्हणालात, "हात लावू नगं. पोरीच्या हातानं वाद्य बाटतंय." मी म्हटलं, "मग कणीक कुणाच्या हातची हाय?" आईनं दंडाला धरून मला आत ओढलं. भजन संपल्यावर ती कणीक खरवडून गाईला जायची. म्हणजे मान आधी पखवाजाचा, मग गाईचा, आणि आमचा नंबर कुठं होता ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही गेलात आणि दादानं पखवाज खुंटीला टांगला. रोज हळदकुंकू वाहायचा. उंदरांनी त्याच्या चामड्याच्या वाद्या कुरतडल्या, पण पूजा चुकली नाही. गेल्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. तो रंगात होता. म्हणाला, "बोल, काय पायजे? मागशील ते दीन." मी खुंटीकडं बोट केलं. निरांजन जळत होतं, वहिनी बघत होती, नाही म्हणायची सोय उरली नव्हती. "नीट ठेवशील ना?" एवढंच तो म्हणाला. मी वाद्या नव्या घालून घेतल्या. वाजवण्यापेक्षा नीट कसं ठेवतात ते मला माहीत नाही.

इथं रियाजाला वेळ मिळत नाही, तो घरकामातून उपटून काढावा लागतो. शेजारचे रात्रपाळी करून दिवसा झोपतात. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं भिंतीवर लाटणं आपटलं, तेही बेताल. म्हणून पखवाज निघतो तो संध्याकाळी, मी पोळ्या लाटते तेव्हा. एरवी पोरगी तांदूळ निवडताना बोल म्हणते, नळावर नंबर लावून उभी असली की बादलीवर बोटं चालवते. धाकटा टाळ धरतो. चुकला तर पहिली पोळी बहिणीला. हे पाळीवरून आले की म्हणतात, "मशिनं तिकडं सोडून आलो, तर इथंही सुरूच!" म्हणतात, आणि पायानं ठेका धरतात. कणीक पोरगी माझ्या परातीतून स्वतः उचलते, स्वतः थापते. कुणी बाटलेलं अजून दिसलं नाही.

परवाच्या रविवारी दादा आला. चपला काढायच्या आत म्हणाला, "गावात लोक हसत्यात. आबांचा पखवाज अन् पोरगी बडवतीय. परत दे."

"ओवाळणी परत मागायची रीत कधी निघाली, दादा?"

"त्वांड चालवू नगं. मी शोभेला दिला व्हता."

"ने की. फक्त एकदा वाजव आणि ने."

तो पखवाजापुढं बसला. हात उचलला, परत मांडीवर ठेवला. "मला कुठं येतंय?"

"आबांनी तुला शेजारी बसवून शिकवलं."

"शिकवलं, म्हणून तर सुटलं," तो म्हणाला. मला हसू आलं, त्यालाही येत होतं, पण त्यानं ते गिळलं. अर्धा चहा तसाच टाकून उठला. "यंदा भाऊबीजेला माझी वाट बघू नगं."

आबा, पखवाज इथंच आहे आणि इथंच राहणार. भावाचं वाईट वाटतं. परत देण्याइतकं वाटत नाही.

हे पत्र काही टपालात पडायचं नाही, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही. पोरीला शिकवते मी. बोल मला सगळे पाठ आहेत, दाराआड बसून ऐकलेले. पण लय वाढली की एका जागी तिचा डावा हात अडखळतो. चूक मला ऐकू येते, काढता येत नाही. तुमचे हात मी कधी बघितलेच नाहीत. काल त्याच जागी ती थांबली आणि तिनं विचारलं, "आई, इथं आजोबा काय करायचे?"

मी म्हटलं, "पोळी करपतेय, पुढं वाजव."

पोळी करपत नव्हती.