उंचीच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खुर्चीत बसताना माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. सातवीत मी एकाएकी ताडमाड वाढले आणि लपायचं म्हणून बाकावर वाकून बसायला लागले. तुम्ही भर वर्गात टेबलावर खडू आपटलात. "कुबड काढून काहून बसली? छताला डोकं लागून राह्यलं का तुझं?" सगळा वर्ग हसला आणि मला तुमचा असा राग आला की बस्स. मधल्या सुट्टीत मी तुम्हाला रडत रडत खरं ते सांगितलं. स्कर्ट आखूड पडला होता, आणि माझे वडील, अण्णा, म्हणत होते, पोरगी थोराड दिसायला लागली, आता शाळा पुरे. ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. मी बदनापूरच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुमचा परकर नेसून बसले आहे. शेंगदाण्याची आमटी रटरटते आहे, आणि तुम्ही माझ्या स्कर्टची दुमड उसवून नवी घालता आहात. आतलं कापड विटलेलं नव्हतं, म्हणून खाली गडद निळी पट्टी उठून दिसत होती. मग तुम्ही मला घरी सोडायला आलात आणि दारातूनच अण्णांना म्हणालात, "उंची वाढली तिची, वय न्हाई वाढलं." दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते.

आता मी विद्यापीठाच्या एका केंद्रात काम करते. दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची वाढ नीट व्हावी, शरीराची आणि मनाचीही, हे आमचं काम. दर शनिवारी आम्ही टेंभुर्णीच्या शाळेत जातो. मुलं नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून डब्यात टाकतात. आम्ही त्यांचे गठ्ठे करतो, मुरुमांचा वेगळा, पाळीचा वेगळा, उंचीचा वेगळा, आणि एकेका गठ्ठ्याला एकच उत्तर देतो. त्यात वेळ वाचतो आणि आपण हुशार आहोत असंही वाटतं. मध्यंतरी उंचीच्या गठ्ठ्याला मी झोकात उत्तर दिलं. दूध प्या, डाळी खा, पोटभर जेवा, उंच व्हाल. तास संपल्यावर सातवीतली एक उंच मुलगी दाराशी घुटमळत राहिली.

"मॅडम, माझी चिठ्ठी तुम्ही वाचलीच न्हाई."

ती उंचीच्याच गठ्ठ्यात होती. 'उंची' एवढा शब्द पाहून मीच ती तिथे टाकली होती. पुढे लिहिलं होतं, उंची थांबवायला काय खायचं बंद करू? पोरीनं संध्याकाळचं जेवण कधीच सोडलं होतं. "घरी सोयरीक बघून राह्यलेत," ती म्हणाली. "म्हणतात, मोठी दिसती आता. तुम्ही याल का घरी?" माझं 'पोटभर जेवा' ऐकताना हिला काय वाटलं असेल! त्या क्षणी तुमची फार आठवण आली, बाई.

मी गेले. कायद्याची कलमं घोकून गेले होते, पण तिच्या वडिलांसमोर तोंडातून निघालं ते तुमचंच वाक्य. त्यांनी वळून पोरीकडे पाहिलं. आतून तिची आई म्हणाली, "मंग? मी कवाची हेच सांगून राह्यले." पाहुण्यांना नकार गेला. पोरगी शाळेत येते, दोन्ही वेळा जेवते आणि बोटभर आणखी वाढली आहे. मी आता एकेक चिठ्ठी शेवटपर्यंत वाचते. काम हळू होतं, पण मी सुखात आहे.

एक मात्र सांगायचं राहिलं. मी हे केंद्रात सांगितलं तेव्हा आमच्या प्रमुखांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते केंद्राच्या फळ्यावर लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी गप्प बसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही तेच बरं, नाहीतर तुमचा खडू आपटलाच असता. सोमवारी माझं नाव पुसून 'आमच्या बाई' असं लिहिणार आहे, नक्की. पण बाई, त्याआधी मी त्या फळ्याशेजारी ताठ उभी राहून एक फोटो काढून घेतला आहे.