कुटाचं वजन

सोम. ३ फेब्रु.
चौदावं घर झालं. पाहणीच्या सांगलीतल्या मॅडमचा फोन: "तुमचे फॉर्म सगळ्यात स्वच्छ असतात." मग! बारावी नापास असले म्हणून काय झालं?

दूध, अंडं, गहू, शेंगदाणा. काही लेकरांना याची अ‍ॅलर्जी होते, म्हणून दोन वर्षांखालच्या पोरांच्या पोटात ते किती ग्रॅम जातं ते मोजायचं. वाटी जेवणाआधी काट्यावर, नंतर परत. अंगावर सांडलेलंसुद्धा मी गोळा करून मोजते. आमच्या माण तालुक्यात एवढं कोण करतंय?

शेंगदाणा चौदाही घरी शून्य. शेजारची रूपालीसुद्धा तेच म्हणाली, "दाणा घशात अडकंल वैनी, न्हाई देत."

बुध. ५
मेले मी. सासूबाई खलबत्त्यात कूट करत होत्या. मी कौतुकानं चौदा शून्यं सांगितली. बत्ता थांबला.
"मग ह्ये काय हाय? कालच्या वांग्यात मूठभर घातलंय. रूपालीची बारकी ओवी त्येच भाकरीत कुस्करून खाऊन गेली की."

कुटाशिवाय भाजी होते का आमच्याकडं? रोज दोन वेळा घालते, आणि शून्य लिहीत बसले! आया खोटं नाही बोलल्या. मी दाणा विचारला, त्यांनी दाण्याचं सांगितलं.

फॉर्म चुकीचा निघाला तर काटा परत द्यायचा, म्हणजे काम गेलं, हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. गप्प बसले तर कुणाला कळणारसुद्धा नाही. पण मला कळलंय ना...

गुरु. ६
केला फोन. "मॅडम, माझे चौदाही फॉर्म चुकलेत." मॅडम म्हणाल्या, "शनिवारी काटा घेऊन या."

जाऊ दे गेला तर. निदान खरं लिहून देईन. रूपालीकडं परत गेले. कुटाचा डबा फोडणीआधी मोजला, भाजी झाल्यावर मोजला. मग सगळी भाजी, मग ओवीची वाटी. भागाकार दोनदा केला. ओवीच्या पोटात एका जेवणात चार ग्रॅम.
रूपाली: "आगं बया! एवढं खाती व्हय?"

शुक्र. ७
आणखी पाच घरं. शून्य एकही नाही. पाय गेले कामातनं. सासूबाई म्हणाल्या, "लय शाणी हाईस." पहिल्यांदा म्हणाल्या. दोनदा आठवलं.

शनि. ८
सांगली. फॉर्म भरणाऱ्या बाकीच्या पोरी बी.एस्सी. झालेल्या, इस्त्रीच्या ओढण्या. मॅडमनी माझे सहा नवे फॉर्म वाचले. मग त्या पोरींचे गठ्ठे काढले. शेंगदाणा शून्य. शून्य. शून्य. खाली मॅडमच्या नातवाचाही फॉर्म होता, तोही शून्य. मॅडमनी तिथनंच घरी सुनेला फोन लावला, "अगं, त्याच्या आमटीत कूट घालतेस का?" ऐकलं, आणि फोन खाली ठेवून मला म्हणाल्या, "यांना दाखवा, कसं मोजलंत ते."
दाखवलं. तासभर. आवाज जरासुद्धा कापला नाही माझा!

काट्याचं काय, ते मॅडम बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पिशवीत घालून परत घेऊन आले. अजून आठ घरं राहिलीत.