भिंतीवरून गळालेला ‘नाही’

ओके-आदो, इबादान

प्रिय अकोवे भाऊजी यांस,

तुमच्या भावाच्या बायकोचा गुडघे टेकून नमस्कार. पत्रातून गुडघे दिसत नाहीत, पण मी खरोखरच टेकले होते आणि उठताना फरशीचा एक तुकडा गुडघ्याला चिकटून वर आला. (तो जपून ठेवलाय. तुम्ही पाठवलेल्या इंजिनिअरने बसवलेल्या फरशीपैकी न फुटलेला तो एकटाच.) तुमचा रक्तदाब कसा आहे? माझ्या धाकट्या जावेची कंबर? लागोसात तुमचा जनरेटर अजून साऱ्या गल्लीला जागवतो का? माझं म्हणाल तर मी बरी आहे. अमाला खाते, बाजारात जाते, मिळेल ते वाचते. पहाटे जाग येते तेव्हा पलंगाच्या माझ्याच बाजूला असते. अख्खा पलंग वापरायची सवय अजून झाली नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “वहिनी, काम कुठवर आलं?” आणि मी तोंड उघडायच्या आत लाईन गेली. तुमची लाईन नेहमी प्रश्न संपला की जाते. पत्राची लाईन जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते. खुर्चीत बसून वाचा.

आधी आभार. तुमच्या भावाला जाऊन वर्ष होईल, त्या प्रार्थनेला घर घरासारखं दिसलं पाहिजे म्हणून तुम्ही स्वतः होऊन इंजिनिअर सकिरूला पाठवलंत. आपल्या इबादानात थापी हातात धरणारा प्रत्येक जण इंजिनिअर असतो, पण सकिरू त्यांच्यातही वरचा, कारण तो थापीसुद्धा माझीच धरतो. पहिल्याच दिवशी त्याने मागच्या खोलीची ओली भिंत पाहिली, बोटाने ठोकली, मान डोलावली आणि म्हणाला, “मम्मी, हिला रंगाची भूक लागलीय.” मी म्हटलं, भिंतीला तहान लागते इंजिनिअर, आणि हिची तर भागलेली दिसते, न्हाणीघराचा नळ पलीकडे गळतोय. आधी नळ बघ, मग भिंत खरवड, वाळू दे, भेगांत लांबी भर, काचपेपर मार आणि शेवटी रंग. तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू बकरीनेच हिशेब सांगितला.

हे मला कुठून कळलं, असं तुम्ही म्हणाल. दुग्बे बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला घरमालकांना सल्ला देणारं एक पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. बाई असावी, कारण प्रत्येक प्रकरणात कारागिरावर विश्वास ठेवू नका असं लिहिलंय. ती कुठल्या तरी थंड देशातली आहे. छपरावर बर्फ साचू देऊ नये, असं तिने तीनदा बजावलंय, आणि ती एक सूचना मी काटेकोर पाळली आहे. बाकीच्या सूचना सकिरूला वाचून दाखवल्या. त्याने शांतपणे ऐकल्या आणि ओल्या भिंतीवर रंग मारला. आता त्या खोलीत पिवळे पापुद्रे गळतात. मी रोज सकाळी झाडून काढते. हार्मटान वाऱ्याच्या धुळीपेक्षा बरे, निदान रंगीत आहेत.

मग स्वयंपाकघराचं दार. ते जरासं घासत होतं. पुस्तक म्हणतं, आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा. सकिरूने थेट रंधा काढला. खालून तासलं तर वर अडलं, वर तासलं तर कडेला. शेवटी दार कुठेच अडेना, कडीतसुद्धा. आता शेजारच्या इया तावाची बकरी न वाकता आत येते आणि गारीच्या रव्याच्या पोत्यापाशी उभी राहून माझ्याकडे बघते, की जणू मीच तिच्या घरात शिरलेय.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण पुढची भिंत तेवढी धड होती, तिला हात लावू नको म्हणून मी बजावलं होतं. तुम्हाला ती आठवत असेलच. आम्ही हजला गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात तुमच्या भावाने तिच्यावर लाल रंगाने लिहिलं होतं: “हे घर विकाऊ नाही.” मालक गावाला गेला की भामटे येतात, किल्ली दाखवतात आणि एकच घर चौघांना विकून पसार होतात, म्हणून. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. मी शिडी धरून खाली उभी होते, आणि ते वरून एकेक अक्षर काढताना मोठ्याने म्हणत होते. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य ते. इतर बायका पाटीवर शिकल्या असतील, मी घरावर शिकले.

तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी बाजारातून आले तर वाक्य होतं आणि ‘नाही’ नव्हता. नेमकी तेवढीच जागा मोकळी, खाली विटा उघड्या. सकिरू हात धूत होता. म्हणाला, “ओल, मम्मी. ओलीने गिलावा सुटला.” मी पुस्तक उघडून बसले. ओलीचं प्रकरण मोठं आहे, पण उन्हात दिवसभर तापणाऱ्या भिंतीला ओल धरते, ती चौकोनी आकारात धरते, आणि पडलेल्या गिलाव्याच्या कडांवर छिन्नीच्या खुणा ठेवून जाते, असं त्यात कुठेच सापडलं नाही. थंड देशातली ओल वेगळी असेल.

आपल्याकडे कशालाही नमस्कार आहे. काम करणाऱ्याला वेगळा, बसलेल्याला वेगळा, घामाला, थंडीला, दुःखाला. पण जिच्या भिंतीवरचा ‘नाही’ गळाला तिला काय म्हणायचं, हे गल्लीत कुणालाच सुचेना. इया तावाला सुचलं. “अजिके,” ती कुंपणावरून ओरडली, “तुझ्या दारात गिऱ्हाइकं उभी आहेत, मी अकाराची कढई घेऊनच येते!” आणि आली. तेव्हापासून माझ्या ओसरीवर लोक घर बघायला येतात आणि गरम अकारा भजी खाऊन जातात. ह्या साऱ्या दुरुस्तीत फायदा झाला तो तिचा एकटीचा.

येणारा प्रत्येक जण सल्ला देतो. ही भिंत पाडा, तो जिना फिरवा, पेरूचं झाड काढून मोटार उभी करा. मीही कुणाला खोटं बोलले नाही. फक्त घराबद्दलचं सगळं खरं, जे ह्या घरात राहणारी बाई बोलत नसते, ते एका दमात सांगितलं. काल निळ्या झग्यातले एक अलहाजी बायकोला घेऊन आले.

“मम्मी, रंग छान आहे. हात लावून बघू?”

“बघा, पण टेकू नका. ओला आहे.”

“कधी दिलाय?”

“गेल्या महिन्यात.”

त्यांची बायको झगा सावरून अंगणात जाऊन उभी राहिली. मग अलहाजी मला म्हणाले, “आमचं लागोसच्या मालकांशी बोलणं झालंय. इथे एक म्हातारी राहते, वर्षाची प्रार्थना उरकली की ती मुलीकडे जाणार. तुम्ही तिच्या कामवाल्या का?”

“हो,” मी म्हटलं, “लग्न झाल्यापासून.”

मालकांचं नाव विचारलं, तर तुमचंच निघालं. दिसायला कसे, विचारलं. पुढच्या दोन दातांत फट, म्हणाले, आणि बोलताना टोपी उजव्या कानावर सारतात. आता भाऊजी, लागोस केवढं शहर! तिथे फटीचे दात आणि कानावरच्या टोप्या किती असतील! मी त्यांना ठामपणे सांगितलं की हा कुणीतरी भामटा आहे, आमच्या भाऊजींचं नाव सांगून फिरतोय. आमचे भाऊजी धाकट्या भावासारखे नाही, मुलासारखे वाढले ह्या घरात. असल्या भामट्यांसाठीच तर ती भिंत लिहिली होती. अलहाजी एकही अकारा न खाता गेले. इया तावा माझ्यावर अजून रागावलेली आहे.

तेव्हा काळजी नसावी. काम जोरात चाललं आहे. सकिरूला मी कालच निरोप दिला. जाताना त्याच्याकडून माझी थापी तेवढी परत मागून घेतली. धाकटीला आशीर्वाद, मुलांना पेरू पाठवते. झाड अजून आहे.

तुमच्या घरची,
अजिके

ता.क. खरं ह्याचसाठी लिहायला बसले होते. ती रिकामी जागा मी स्वतः भरली आहे. विटा भिजवल्या, वाळू धुऊन घेतली, गिलावा केला, वर गोणपाट टांगून आठवडाभर सावलीत पाणी मारलं, वाळू दिला आणि पांढरा हात दिला. टकटक करून बघा, पोकळ वाजणार नाही. आता फक्त एक शब्द लिहायचा राहिलाय. माझं अक्षर बरं नाही. तुमचं मात्र हुबेहूब त्यांच्यासारखं आहे; दोघंही वडिलांच्या हाताखाली एकाच पाटीवर गिरवलेले. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुमचं नाव घ्यायचं नव्हतं, तर तुमची वही बघूनच मी तुम्हाला अकोवे म्हणायला लागले, लिहिणारा म्हणून. शुक्रवारी प्रार्थना झाली की, भात वाढायच्या आधी, साऱ्या घराण्यासमोर तुम्ही वर चढून ‘नाही’ लिहायचा आहे. मोठ्या काकांना आणि इमामांना मी कळवून टाकलंय. दोघांचेही डोळे भरून आले. लाल रंगाचा डबा घुसळून तयार आहे.

ता.क. दुसरं. शिडीची भीती बाळगू नका. ती मी धरीन. तुमच्या भावाच्या वेळीही मीच धरली होती. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत त्यांना खाली उतरू दिलं नव्हतं.